मोझेसचं वय

नायकाची ओळख करून देताना त्याच्या हातून एखादं तरी भलं काम करवून घ्यायचं, हा पडद्यावरचा जुना रिवाज आहे. प्रेक्षकाला एकदा तो आवडला की पुढे त्याने काहीही करावं, आपण त्याच्या बाजूने असतो. ‘अटॅक द ब्लॉक’ या २०११ सालच्या ब्रिटिश सिनेमाचा नायक पहिल्या काही मिनिटांत एका एकट्या बाईला चाकू दाखवून लुटतो.

बाई म्हणजे सॅम, नुकतीच नर्स झालेली. दक्षिण लंडनमध्ये, क्रिकेटवाल्यांना परिचित असलेल्या ओव्हलच्या स्टेशनातून बाहेर पडून फोनवर बोलत घरी निघालेली. अंधारी गल्ली, समोर पाच मुलं, डोक्यावर हुडीची टोपी, तोंडावर फडकं. फोन, पर्स, बोटातली अंगठी. मधला उंच मुलगा फारसं बोलत नाही आणि त्यामुळेच जास्त भीती वाटते. हा मोझेस. एवढ्यात आकाशातून काहीतरी येऊन शेजारच्या गाडीवर आदळतं, गोंधळात सॅम निसटते, आणि मोझेस काय करतो? चेपलेल्या गाडीत काही उचलण्यासारखं आहे का ते बघायला वाकतो. आतून एक प्राणी झेपावतो, त्याच्या गालावर ओरखडा काढून पळतो. मित्रांसमोर अपमान झाला. मग पाचही जण त्या प्राण्याचा पाठलाग करतात, त्याला गाठून मारतात आणि शिकार मिरवत घेऊन जातात.

दिग्दर्शक ज्यो कॉर्निशचा हा पहिलाच सिनेमा. मी तो अनेकदा पाहिला आहे आणि या सुरुवातीने दर वेळी अस्वस्थ होतो. कारण इथे कुठेही सारवासारव नाही. गरिबी, वाईट संगत, आजारी आई, असलं काही पुढे करून मुलांची बाजू मांडली जात नाही. वाटमारी ही वाटमारीच. सॅम थरथरते ती खरीच थरथरते. आणि या मुलांबरोबर आपल्याला उरलेला सव्वा तास काढायचा असतो.

रात्र निवडली आहे तीही मोठ्या हुशारीने. पाच नोव्हेंबर. १६०५ साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांचा इंग्लंडची संसद उडवून देण्याचा कट फसला, त्याची आठवण म्हणून तिथे या रात्री शेकोट्या पेटवतात, फटाके उडवतात. सगळं आकाश बाणांनी आणि चंद्रज्योतींनी भरून गेलेलं असताना चार उल्का जास्त पडल्या तर कोणाच्या लक्षात येणार? पृथ्वीवर हल्ला होतो आणि शहराला पत्ता लागत नाही. सैन्य नाही, राष्ट्रप्रमुखांचं भाषण नाही, नकाशावर लाल ठिपके दाखवणारी खोली नाही. सगळं युद्ध एका टॉवरमध्ये, त्याच्या जिन्यांत, लिफ्टमध्ये आणि कचऱ्याच्या डब्यापाशी उरकतं. पैसे कमी असले की कल्पकता वाढते असं म्हणणारे लोक मला कंटाळवाणे वाटतात, पण इथे निदान ते खोटं ठरत नाही.

कॉर्निशने सांगितलेली या सिनेमाच्या जन्माची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यालाच एकदा दक्षिण लंडनमध्ये काही पोरांनी लुटलं होतं. लुटणारी मुलं इतकी लहान होती, आणि त्याच्याइतकीच घाबरलेली दिसत होती, की प्रसंग त्याच्या डोक्यातून गेला नाही. या क्षणी आकाशातून काही पडलं तर, अशी कल्पना तिथून सुचली. अशा प्रसंगानंतर माणसं कुलूप बदलतात, रस्ता बदलतात, कधी राजकीय मतंही बदलतात. याने पटकथा लिहायला घेतली. त्यासाठी तो तरुणांच्या मंडळांमध्ये गेला, राक्षसांची चित्रं दाखवून ‘हे तुमच्या दारात आले तर काय कराल, हातात काय घ्याल, कोणाला सांगाल’ असं मुलांना विचारत बसला. त्यांची बोली टिपून घेतली. पाच मुलांच्या भूमिकांसाठी नवखे चेहरे शोधले. मोझेस झालेला जॉन बोयेगा पेकममध्ये वाढलेला, म्हणजे जवळपास त्याच भागातला.

आता थोडं इतिहासात जायला हवं, कारण सिनेमा स्वतःच तिकडे बोट दाखवतो. मोझेस राहतो त्या इमारतीचं नाव विंडम टॉवर. आजूबाजूच्या रस्त्यांची आणि इमारतींची नावं वेल्स, हक्सली, क्लार्क, बॅलर्ड. विज्ञानकथा वाचणाऱ्याला लगेच गंमत कळते: वस्तीचा सगळा नकाशा ब्रिटिश विज्ञानकथाकारांच्या नावांनी बनवला आहे. एच. जी. वेल्सने १८९८ साली ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मध्ये मंगळवासीयांना लंडनजवळच्या वोकिंग परिसरात उतरवलं. पुढे जॉन विंडमने विसाव्या शतकाच्या मध्यावर असल्या संकटांना इंग्लंडच्या नीटनेटक्या खेड्यांत आणून बसवलं. या परंपरेत आक्रमण होतं ते हिरवळ, चर्च आणि संध्याकाळचा चहा असलेल्या इंग्लंडवर, आणि त्याची हकीकत सांगणारा बहुधा शिकलासवरलेला, सुस्थितीतला गृहस्थ असतो.

वेल्सला स्वतःला याची जाण होती, हे त्याचं मोठेपण. मंगळवासीयांना दोष देण्याआधी आपण टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा, असं तो पहिल्याच प्रकरणात सुनावतो. साम्राज्याने इतरांवर जे केलं तेच साम्राज्याच्या राजधानीवर उलटवलं तर कसं वाटेल, हा त्याचा डाव होता. कॉर्निशने हा डाव शंभरेक वर्षांनी पुढे नेला. त्याच साम्राज्यातून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं आता लंडनच्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, टॉवरमध्ये राहतात. हल्ला त्यांच्यावर होतो, आणि सिनेमा संपेपर्यंत बाहेरच्या इंग्लंडला वाटत राहतं की हल्ला हीच मुलं करताहेत.

टॉवरबद्दल दोन शब्द. बाहेरच्या चित्रीकरणाचा बराच भाग दक्षिण लंडनमधल्या एलिफंट अँड कॅसल या भागाजवळच्या हेगेट वसाहतीत झाला. ही कौन्सिलची घरं १९७४ साली बांधून पूर्ण झाली, साधारण १,२०० घरं. चित्रीकरण झालं तेव्हा रहिवाशांना हलवून वसाहत जवळजवळ रिकामी केलेली होती, आणि २०११ ते २०१४ या काळात ती टप्प्याटप्प्याने पाडली गेली. बरीच कुटुंबं शहराच्या कडेला पांगली, तिथे आता महागडे फ्लॅट उभे आहेत. म्हणजे मुलं जीव तोडून ज्या भिंतींचं रक्षण करताना दिसतात, त्या भिंतींचा निकाल कॅमेरा लागण्याआधीच झालेला होता. ‘ब्लॉक’, म्हणजे आपली इमारत, वाचवायला निघालेल्या पोरांना कोणीतरी हे सांगायला हवं होतं.

राक्षसांकडे वळतो. मला वाटतं गेल्या काही दशकांत पडद्यावर आलेल्या परग्रहवासीयांत हे सर्वांत देखणे आहेत, आणि त्यांत बघण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. गोरिल्ला आणि लांडगा यांच्या मधला आकार, चार पायांवर धाव, अंगावर इतके काळे केस की त्यावर उजेड पडतच नाही. डोळे नाहीत. फक्त तोंड उघडलं की हिरव्या-निळ्या प्रकाशाने चमकणाऱ्या दातांच्या रांगा. अंगावर केसाळ पोशाख चढवलेली माणसंच हे राक्षस झाली होती, टेरी नोटरीसारखा प्राण्यांच्या हालचालींत मुरलेला कलाकार त्यांत होता. संगणकाचा उपयोग केला तो तपशील पुसण्यासाठी. एरवी अशा सिनेमांत संगणक प्रत्येक खवला, प्रत्येक लाळेचा थेंब मोजून दाखवतो. इथे केसांची चकाकी, सुरकुत्या, सावल्या काढून टाकल्या आणि उरलं एक सपाट, हलणारं काळं भोक.

एका काळ्या मुलाच्या गोष्टीत काळेकुट्ट, बिनचेहऱ्याचे राक्षस का आणले असतील, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. एक मुलगा त्यातल्या एकाकडे बघून रंगावरून विनोदही करतो. मला त्याचा अर्थ सरळ दिसतो. पहिल्या प्रसंगात मुलांनाही डोळे नव्हते, टोपी आणि फडक्याच्या मध्ये नुसता अंधार होता. त्या काळात ब्रिटनमध्ये हुडी घातलेल्या पोरांची धास्ती इतकी वाढली होती की केंट परगण्यातल्या ब्लूवॉटर या मोठ्या खरेदी-संकुलाने २००५ साली हुडीची टोपी डोक्यावर ओढून फिरायला बंदी घातली. सिनेमा पुढे सरकतो तशी मुलांची फडकी उतरतात, टोप्या मागे जातात, नावं कळतात. राक्षसांचं शेवटपर्यंत काहीच कळत नाही. ‘राक्षस’ हा शब्द कोणाला लावायचा हे त्या सगळ्यांना एकाच चौकटीत उभं करून बघा, असं कॉर्निश न बोलता सांगतो.

हे सगळं मी लिहितोय ते वाचून हा फार गंभीर सिनेमा आहे असं वाटेल. तसं अजिबात नाही. माझी भाची, वय वर्षं चौदा, हा बघताना सोफ्यावरून घसरून खाली आली होती. युद्धाची तयारी हा तिचा आवडता भाग. राक्षस उतरलेत हे कळल्यावर पाचही वीर शस्त्रं आणायला आपापल्या घरी धावतात, आणि प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी मोठं माणूस आहे. कुठे जातोस, लवकर ये, कुत्र्याला फिरवून आण. घरी काहीतरी थाप मारून ते बाहेर पडतात तेव्हा कोणाच्या हातात सामुराई तलवार असते, कोणाकडे बेसबॉलची बॅट, कोणाकडे फटाके. पाचांतल्या डेनिसचं वाहन म्हणजे पिझ्झा पोचवायची मोपेड. जगाचं रक्षण करायला निघालेल्यांना घरातून परवानगी काढावी लागते, यातली मजा मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त कळते.

मोबाइलच्या विनोदाला मात्र ती हसली नाही. कोणाला तरी कळवायला हवं, पण बॅलन्स संपलेला, एकच मेसेज जाईल एवढा शिल्लक, आणि पाचांतलाच जेरोम वैतागून म्हणतो की हा सगळा वेडेपणा एका मेसेजात मावणार नाही. “मामा, एकच का? कितीही पाठव ना.” मी समजावून सांगितलं. विनोद समजावून सांगितला की त्याचं जे होतं तेच झालं.

दोन पिटुकली आहेत, स्वतःला प्रॉब्ज आणि मेहेम म्हणवून घेतात. मोठ्या मुलांनी आपल्याला टोळीत घ्यावं म्हणून मागे लागलेली, आणि सगळ्यांनी हाकललेली. शेवटी पाण्याच्या पिचकारीत पेट्रोल भरून तीच कचऱ्याच्या डब्यात अडकून पडलेल्या, टोळीतल्या बिग्झची सुटका करतात. वस्तीचा दादा हाय-हॅट्झ, मोझेसला नुकतंच कोकेन विकण्याच्या धंद्यात बढती देणारा, त्याला राक्षसांवर विश्वासच बसत नाही. त्याच्या लेखी ही पोरं त्याच्या गाडीला धडकली हीच रात्रीतली सर्वांत मोठी घटना. परग्रहावरून कोणी आलं तरी माझा अपमान आधी, हा त्याचा हिशेब. आणि ब्रुइस, सुखवस्तू घरातला गांजेकस विद्यार्थी, या मुलांसारखं बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा त्याच्यासाठी आपल्यालाच लाजल्यासारखं होतं. पण राक्षस या मुलांच्याच मागे का, या कोड्याचं उत्तर त्यालाच सुचतं. अर्धवट नशेत पाहिलेल्या निसर्गविषयक कार्यक्रमांचा जगाला झालेला हा बहुधा एकमेव उपयोग.

ते उत्तर असं: पहिला पडलेला प्राणी मादी होता. मोझेसने तिला मारलं तेव्हा तिचा गंध त्याच्या कपड्यांना लागला, साध्या उजेडात न दिसणारा, पण गांजाची झाडं वाढवायला लावलेल्या अतिनील दिव्याखाली चमकणारा. मागून आलेले सगळे नर त्या गंधाचा माग काढत येताहेत. त्यांना पृथ्वी नको, लंडन नको. ते मोझेसच्या मागे आहेत.

इथे सिनेमा खरा वर जातो. त्याच्या थोडंसं आधी मोझेसने एक सिद्धान्त मांडलेला असतो: हे प्राणी सरकारनेच पाठवले असणार. आधी वस्तीत ड्रग्ज पाठवली, मग बंदुका, आता राक्षस. आम्ही एकमेकांना पुरेशा वेगाने मारत नाही म्हणून. ऐकताना हसू येतं आणि अर्ध्यावर थांबतं, कारण शेवटचा टप्पा सोडला तर मुलगा अगदीच वेड्यासारखं बोलत नाहीये. पण उत्तर कळतं तेव्हा हा सिद्धान्त कोसळतो. राक्षस सरकारने नाही, त्याने स्वतः ओढवून आणलेत, गालावरच्या एका ओरखड्याच्या बदल्यासाठी. डेनिस मेलाय, जेरोम मेलाय. कॉर्निशने दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या तोंडी आणि अंगावर ठेवल्या आहेत: त्याच्याशी जग अन्यायाने वागतं हे खरं, आणि आजच्या रात्रीचा दोष त्याचा हेही खरं. यातली कोणतीही एक बाजू घेऊन सिनेमा काढणं सोपं होतं.

सॅम या सगळ्यात ओढली जाते तेव्हा तिच्यावरही सिनेमा मेहेरबानी करत नाही. ती चांगली आहे, धीट आहे, ऐन वेळी राक्षसाच्या डोक्यात सुरा खुपसून मोझेसला वाचवते. पण तिचा मित्र कुठे आहे? घानामध्ये, मुलांना मदत करायला. पेस्ट नावाचा वात्रट पोरगा लगेच विचारतो, ब्रिटनमधल्या मुलांना मदत का नाही करत तो? पुरेशी परदेशी वाटत नाहीत का आम्ही? सॅमकडे उत्तर नसतं. सॅम झालेल्या जोडी व्हिटेकरने इथे जो चेहरा केला आहे तो अभिनयाच्या वर्गात दाखवावा असा: राग, लाज आणि ‘यात तथ्य आहे’ हे सगळं एकाच वेळी.

मग सॅमला मोझेसच्या घरी जावं लागतं. तिच्या अंगाला गंध नाही, म्हणून तिने त्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन गॅस चालू करायचा, नंतर राक्षसांना तिथे ओढून आणून स्फोट करायचा, असा बेत. इतका वेळ आपण या मुलाला बघतोय. उंच, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. दादा त्याला धंद्यात घेतो, पोलीस त्याला बेड्या घालतात, पोरं त्याचा शब्द झेलतात. शस्त्रं आणायला सगळे घरी धावले तेव्हा बाकीच्यांच्या घरातली माणसं दिसली होती, मोझेसचं कोणीच दिसलं नव्हतं. आता घर दिसतं. काका आहे, येतो-जातो, म्हणजे नसतोच. अस्ताव्यस्त खोली, आणि पलंगावर स्पायडरमॅनची चादर.

सॅम वय विचारते. पंधरा. ती म्हणते, मोठा वाटतोस. तो म्हणतो, थँक्स.

या एका शब्दावर मी फिदा आहे. मोठं दिसणं हे त्याच्या दृष्टीने कौतुक आहे, त्याच्या वस्तीत तेच जगण्याचं साधन आहे. आणि नेमकं तेच त्याच्या मुळावर येतं, कारण मोठा दिसणाऱ्या मुलाला पोलीस, दादा आणि रस्त्यावरून जाणारी नर्स मुलाची सवलत देत नाहीत. सिनेमाने वय जाणूनबुजून इतकं उशिरा सांगितलं आहे. सुरुवातीलाच ‘मोझेस, वय १५’ अशी पाटी आली असती तर वाटमारीचा प्रसंग आपण दयेने पाहिला असता. कॉर्निशला ती दया फुकटात द्यायची नव्हती.

हा सिनेमा ब्रिटनमध्ये मे २०११ मध्ये लागला. ऑगस्टमध्ये, पोलिसांच्या गोळीने मार्क डगन या तरुणाचा मृत्यू झाल्यानंतर टॉटनहॅममध्ये दंगल उसळली आणि पुढच्या काही दिवसांत लंडनभर आणि इतर शहरांत पसरली. वर्तमानपत्रांत टोप्या ओढलेल्या मुलांचे फोटो. सिनेमाने भाकीत केलं होतं असं तेव्हा काहींनी लिहिलं. मला ते पटत नाही, त्याने समोर दिसत होतं तेवढंच दाखवलं होतं. तिकीटबारीवर खर्चसुद्धा निघाला नाही. बोयेगाला मात्र पुढे अंतराळयुद्धांच्या सर्वांत गाजलेल्या मालिकेत जागा मिळाली, आणि जून २०२० मध्ये लंडनच्या हाइड पार्कमधल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या सभेत भोंगा हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणत बोलताना त्याला जगाने पाहिलं.

त्रुटी आहेत. हाय-हॅट्झ साचेबद्ध आहे. वस्तीतल्या मुली, टिया आणि तिच्या मैत्रिणी, इतक्या हजरजबाबी आहेत की त्यांना एवढाच वेळ का दिला हे कळत नाही. ‘हे प्राणी तुमच्याच मागे लागलेत, तुम्ही निघा इथून’ हे ब्रुइसच्या आधी त्यांनीच ओळखलेलं असतं, पण श्रेय गांजेकसाला. आणि शेवटी मोझेस स्फोटातून ब्रिटनच्या राष्ट्रध्वजाला लोंबकळून वाचतो, हे प्रतीक जरा जास्तच मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

शेवटाबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. पोलीस मोझेस आणि पेस्टला पकडून गाडीत बसवतात. सॅमला विचारतात, ही मुलं कोण? ती सांगते की हे माझे शेजारी आहेत, यांनी मला वाचवलं. बाहेर जमलेली वस्ती मोझेसच्या नावाचा गजर करते, तो बेड्यांत बसून हलकेच हसतो, सिनेमा संपतो. टाळ्या. पण त्या रात्री दोन पोलीसही मेलेत, त्यांची गाडी पळवली गेली आहे, एक फ्लॅट उडवला गेला आहे, आणि संशयित आधीच बेड्यांत आहे. सॅमची साक्ष कोण मानणार? २०२१ मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली, बोयेगा आणि कॉर्निश दोघंही त्यात असणार म्हणून. मला त्यात नवे राक्षस नसले तरी चालतील. तो खटला उभा राहिला का, वकील कोण होता, आणि न्यायाधीशाने वय विचारलं का, एवढं दाखवलं तरी मी तिकीट काढेन.